न पाहिलेल्या माशाचा रंग

हान फेइ हा चिनी तत्त्वज्ञ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात होऊन गेला. त्याच्या ग्रंथात एका चित्रकाराची लहानशी गोष्ट आहे. राजाने त्यास विचारले, रंगविण्यास सर्वांत अवघड काय? तो म्हणाला, कुत्रे आणि घोडे. मग सर्वांत सोपे काय? तर भुतेखेते. कुत्रा व घोडा हे सर्वांच्या रोजच्या पाहण्यातले; पायाचा सांधा जवभर इकडेतिकडे गेला तरी शेंबडे पोरसुद्धा बोट दाखविते. भूत कोणी पाहिलेले नाही; सबब ते कसेही काढले तरी चुकले असे म्हणावयास कोणी पुढे येत नाही.

ह्या उत्तरातील व्यवहारचातुर्य वादातीत आहे. जे तपासले जाणार ते जपून करावे आणि जे तपासताच येत नाही तेथे हात सैल सोडावा, हा नियम कोणत्याही कचेरीत शिकवावा लागत नाही. रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत तो आपोआप अंगी मुरतो. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास ह्या चित्रकाराने एक मोठा प्रश्न हातोहात उडवून लावला आहे, असे आम्हांस वाटते. ज्याचा नमुना जगात कोठेच नाही त्याच्या बाबतीत खरेखोटे संभवते काय? संभवत असेल तर त्याचे माप कोणते? आणि संभवत नसेल तर जेथे नमुना नाही, साक्षीदार नाही, तपासनीस नाही अशा सर्वच कामांत माणूस मोकळा झाला, असे समजावयाचे काय?

प्रश्न जुना असला तरी आमच्यापुढे तो आला एका खेळण्याच्या रूपाने. येथे जयपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये, शेजारच्या बिऱ्हाडांतील महाविद्यालयीन मुले रविवारी टेबलावर एक युद्धखेळ मांडून बसतात. योद्धे, राक्षस आणि जलचर ह्यांच्या बोटभर उंचीच्या मूर्ती, फासे, मोजपट्टी आणि जाडजूड नियमपुस्तक असा त्याचा सरंजाम असतो. एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईस नियम घालून दिले. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि शिपायांच्या जोडीस अद्भुत प्राणी आले. त्यांतले काही प्राणी हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले होते. आधी खेळणे, मग त्यास नाव, आणि मग त्याचा स्वभाव! पुराणकारांचीही रीत क्वचित अशीच असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे.

ह्या मूर्ती कोऱ्या, राखी रंगाच्या येतात. रंग ज्याचा त्याने द्यावयाचा. आमचा हात स्थिर आहे अशी वदंता असल्यामुळे दोन इंचांचा एक जलचर आमच्याकडे रंगविण्यास आला. मगरीचा जबडा, गळ्याशी कल्ल्यांच्या झालरी, मागे माशाचे शेपूट आणि मध्यभागी अष्टपादाच्या सोंडा, असे त्याचे ध्यान आहे. रंग कोणता द्यावा असे विचारता त्यांतला एक मुलगा म्हणाला, “अंकल, ये तो होता ही नहीं। कोई भी रंग कर दो।” चीनच्या दरबारातले उत्तर बावीसशे वर्षांनी ढूंढाड मुलखात जसेच्या तसे ऐकावयास मिळाले.

काम सुरू केले की ‘कोणताही रंग’ ही मुभा किती वेळ टिकते, हे पाहण्याजोगे आहे. साच्याची उमटलेली रेघ चाकूने खरवडावी, मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी, काळ्या अस्तराचा पातळ हात द्यावा. येथवर कोणताच प्रश्न उद्भवत नाही. मग पाठीवर निळसर हिरव्याचा पहिला हात पडतो आणि मोकळीक संपते. पाठ गडद झाली, आता पोट कसे असावे? आपल्या मंडईतला कोणताही बांगडा उचलून पाहा. पाठ गडद, पोट रुपेरी. उजेड वरून पडतो, त्याने पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते. अंगचा रंग नेमका ह्याच्या उलट असला की दोन्ही एकमेकांस खाऊन टाकतात आणि मासा पाण्यात सपाट, अस्पष्ट होऊन दिसेनासा होतो. हा नियम १८९६ साली ॲबट थेयर ह्याने मांडला, आणि तो व्यवसायाने चित्रकार होता. त्याच्यापूर्वी पुष्कळांनी मासे पाहिले होते. पण पोटावर हलका रंग कोठे आणि का लावावा, हा प्रश्न ज्यास रोज पडतो त्यालाच तो दिसला, हे योग्यच झाले.

तेव्हा आमच्या जलचराचे पोट फिकट हवे. ते काळे करण्यास मनाई नाही. पण काळे केले तर तो उलटा पोहतो असे ठरते. कांगो नदीच्या खोऱ्यात असा एक मासा खरोखरच आहे. तो पोट वर करून पोहतो आणि त्याचे पोट पाठीपेक्षा गडद असते. लाल रंग दिला तर आणखी निराळी गोष्ट निघते. पाण्यात खोल जाताना उजेडातील तांबडा अंश सर्वांत आधी नाहीसा होतो. म्हणून अथांग पाण्यातल्या कित्येक जीवांचे अंग लालभडक असते आणि तेथे ते काळेच दिसते. म्हणजे लाल म्हटले की खोल पाणी आले. खोल पाणी आले की डोळे एकतर फार मोठे किंवा जवळजवळ नाहीतच. एका रंगाने दुसरा रंग बांधला, दोघांनी मिळून डोळा बांधला. प्राणी खोटा आहे. पण तो ज्या पाण्यात राहतो आणि ज्या उजेडात दिसतो, ते पाणी आणि तो उजेड खोटे नाहीत. आपण प्राणी कल्पू शकतो, प्रकाशाचे नियम कल्पू शकत नाही.

आमच्या नैयायिकांनी ह्या विषयाचा फार पूर्वी कीस पाडलेला आहे. शशशृंग, म्हणजे सशाचे शिंग, ही असत् वस्तू खरी. पण ससा आहे आणि शिंगही आहे, नाही तो फक्त त्या दोहोंचा संबंध. १६४१ साली देकार्तने आपल्या पहिल्या चिंतनात हाच मुद्दा चित्रकारांवरून मांडला. ते मत्स्यकन्या किंवा अर्धे पशू असलेले वनदेव कितीही विलक्षण काढोत, अवयव ठाऊक असलेल्या प्राण्यांचेच घेतात, आणि अगदीच नवे काही काढले तरी निदान रंग तरी खरेच असतात. म्हणजे मकराची सोंड हत्तीची, जबडा मगरीचा आणि शेपूट माशाचे, हे आपल्या शिल्पकारांनी केले त्याहून निराळे कोणासच करता आलेले नाही.

परंतु एवढ्याने आमच्या शंकेचे निरसन होत नाही. भाग खरे आहेत म्हणून जोड खरी होत नाही. रोमन कवी होरेस ह्याने आपल्या काव्यविषयक पत्राच्या आरंभीच, वर सुंदर स्त्री आणि खाली ओंगळ मासा असे चित्र कोणी काढले तर तुम्हांस हसू आवरेल काय, असा सवाल टाकला आहे. आणि तरी देवळाच्या बाहेर अभिषेकाचे पाणी ओतणाऱ्या मकरप्रणालाकडे पाहून कोणी हसत नाही. आमच्या मते ह्याचे मर्म सांध्यात आहे. चांगल्या मकराच्या गळ्यापाशी पाहावे. खवले एकदम सुरू होत नाहीत. मगरीचे खडबडीत कातडे हळूहळू बारीक होते, मध्ये एक पानांची वेलबुट्टी येते आणि ती ओसरेपर्यंत मासा सुरू झालेला असतो. ज्याने हा मधला वीतभर भाग मन लावून केला त्याने तो प्राणी आतून पाहिला होता. ज्याने दोन तुकडे नुसते चिकटवले त्याने तो पाहिला नव्हता, आणि पाहिल्याचा आव आणला. न पाहिलेल्या वस्तूच्या चित्रात लबाडी शिरते ती ह्या ठिकाणी. कुत्र्याच्या चित्रातली चूक बाहेरच्या कुत्र्याशी ताडून दिसते. मकराच्या चित्रातली चूक त्याच चित्राच्या दुसऱ्या भागाशी ताडून दिसते. नमुना नसेल, पण साक्ष आहे. आणि ती देणारे चित्र स्वतःच आहे.

आणि नमुना असल्याने तरी भागते कोठे? १६२१ साली जहांगीर बादशहापुढे झेब्रा आणला गेला तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणी रंगविले असतील असा संशय आला, आणि नीट पाहणी झाल्यावरच ते जन्मजात आहेत हे मान्य झाले. उस्ताद मन्सूरने त्याचे जे चित्र काढले त्यात एकेक पट्टा असा मोजून घातला आहे की जणू तो संशयखोरांस उत्तर देत आहे. खरा प्राणी खोटा वाटतो आणि खोटा मकर खरा वाटतो, ह्यावरून ‘कोणी पाहिले आहे काय’ ही कसोटी किती लंगडी आहे ते कळते.

ह्या जयपुरात तर जलचर रंगविण्याची परंपरा ही स्वतःच एक नवल आहे. पूर्वीच्या दरबारचे जे छत्तीस कारखाने म्हणून सांगतात त्यांतील सूरतखान्यात चितारी बसत. त्यांतल्या कितीजणांनी समुद्र पाहिला असेल? सांभरचे खारे सरोवर एवढीच त्यांची समुद्राची कल्पना असणे शक्य आहे. (प्राचीन मत्स्य जनपदाची राजधानी विराटनगर ही मात्र येथून उत्तरेस जवळच. देशाचे नाव मासा आणि समुद्राचा पत्ता नाही! आमच्या घरावरून दिसणारी मेट्रोसुद्धा मानसरोवर नावाच्या एका निर्जल वसाहतीकडेच जाते.) बाजारात आजही जुन्या स्टँपकागदांवर काढलेली लघुचित्रे विकावयास असतात. कोणे काळी ज्या कागदावर अर्जदाराने सत्यप्रतिज्ञेवर काही लिहून दिले त्याच्या मोकळ्या भागावर आता हत्ती, उंट किंवा एखादा देव दिसतो. प्रतिज्ञालेख खरा होता की नव्हता कोण जाणे. उंट बहुधा बरोबर असतो.

परंतु टेबलावर मांडून खेळण्यासाठी जलचर रंगविण्याचे काम आपल्या मराठी मुलखात ज्या निष्ठेने झाले, त्याकडे वळल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. आम्ही सावंतवाडीच्या गंजिफांविषयी बोलत आहोत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलने ‘आइने अकबरी’त ह्या खेळाचे वर्णन केले. दक्षिणेत येऊन तो दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण एकशे वीस वाटोळी पाने. कापडावर किंवा कागदावर चिंचोक्याची खळ आणि खडू ह्यांचे थर देऊन, घोटून, मग रंग आणि वरून लाख. दिवसा खेळावयास बसले तर ज्याच्या हाती राम त्याने डाव सुरू करावयाचा, सूर्यास्तानंतर ज्याच्या हाती कृष्ण त्याने. छापील इंग्रजी पत्ते आले आणि हे सर्व मागे पडले. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी ह्यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांच्या हातची ही कला राजवाड्यात आणून जगविली.

ह्यांतला पहिला रंग मत्स्याचा. राजाच्या पानावर स्वतः मत्स्यावतार, जो कोणी पाहिलेला नाही. एकपासून दहापर्यंतच्या पानांवर साधे मासे, जे कोकणात रोज ताटात असतात. हान फेइच्या चित्रकाराचे भूत आणि घोडा येथे एकाच रंगात, एकाच हाताखाली आले आहेत! आणि चितारी दोहोंत भेद करीत नाही. समुद्र जवळच, वेंगुर्ल्याचा. बाजारात टोपली उतरली की माशाचा प्रत्येक काटा तपासून घेणारे गिऱ्हाईक गावोगाव. तरीही पानावरचा मासा बाजारातल्या माशासारखा नसतो, आणि त्यास कोणी चूक म्हणत नाही. त्याने काय असले पाहिजे? त्याने मोजता आले पाहिजे. दिव्याच्या उजेडात, हातात पानांचा पंखा धरलेला असता, नऊचे पान दहाचे वाटता कामा नये. कारण अर्ध्या रंगांत दहाचे पान एक्क्याहून वरचढ आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का दहाहून, अशी ह्या खेळाची गुंतागुंत आहे. मासा खरा असण्याचा अर्थ येथे बदलला. तो माशाशी खरा असावयाचा नाही, समोर बसलेल्या भिडूशी खरा असावयाचा.

पानाच्या मागच्या बाजूचे महत्त्व तर ह्याहून अधिक. ती एकाच रंगाची, कोरी, आणि एकशे वीसही पानांची सारखी हवी. एका पानाच्या पाठीवर कुंचल्याचा केस चिकटला किंवा लाखेचा ओघळ राहिला, तर चाणाक्ष खेळाडू चार डावांत ते पान ओळखू लागतो आणि पुढचा प्रत्येक डाव नासतो. म्हणजे एकाच वाटोळ्या तुकड्याच्या पुढच्या अंगास चिताऱ्याने आपले सर्व कसब उमटवावयाचे आणि मागच्या अंगास आपण होतो ह्याची खूणही ठेवावयाची नाही. कलावंतांविषयी पुष्कळ थोर विचार आम्ही वाचले आहेत. ह्या मागच्या बाजूइतका अवघड विचार त्यांत क्वचितच आढळला.

हिशेब करून पाहिला तर एका संचात, मत्स्याच्या रंगात, एकापासून दहापर्यंत मिळून पंचावन्न मासे होतात. आता मुख्य प्रश्न. हल्ली गंजिफा खेळणारे थोडे आणि विकत घेऊन काचेत लावणारे किंवा डब्यात जपून ठेवणारे पुष्कळ. समजा चिताऱ्याने नऊच्या पानावर आठच मासे काढले. मुंबईतल्या दिवाणखान्यात ते पान कोणी मोजणार नाही. पाहुणे “काय सुरेख!” म्हणतील, आणि ते सुरेख असेलही. कोणाचे काय बिघडले? कोणीही फसले नाही, कारण कोणी खेळणारच नव्हते. आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला, आणि आमचे उत्तर असे की बिघडले. त्या क्षणी ती गंजिफा राहिली नाही, गंजिफेचे चित्र झाली, आणि विकली मात्र गंजिफा म्हणून गेली. पंचावन्नावा मासा हा खेळणाऱ्यासाठी नाही, तो खेळ होऊ शकण्यासाठी आहे. उद्या कोण्या पोराने डबा उघडून तिघांना जमवून डाव मांडला तर डाव लागला पाहिजे. तो कधी मांडलाच जाणार नाही, हे चिताऱ्यास ठाऊक असण्याचा काही मार्ग नाही. आणि ठाऊक असते तरी पान तेच मागते.

ह्यावर कोणी म्हणेल की मग जे दिसत नाही तेही सारे रंगवा, देव पाहतो. हा युक्तिवाद आम्हांस कधीच फारसा रुचलेला नाही. तपासनीस नाही म्हणून देवास तपासनीस नेमणे ह्यात प्रश्न सुटत नाही, फक्त एक वरिष्ठ अधिकारी वाढतो. शिवाय न दिसणारे आणि न तपासता येणारे ह्यांत भेद आहे, तो लोक विसरतात. मूर्तीच्या बैठकीचा तळ टेबलास टेकलेला असतो. तो कोरा राहिला तर कोणाचेही देणे थकत नाही. त्यावरही वेलबुट्टी काढणारे असतात, त्यांचे आम्ही कौतुक करू, पण त्यास कर्तव्य म्हणणार नाही. तो बहुधा अहंकाराचाच एक आडवळणी प्रकार असतो. पोटाचा रंग, सांध्याचा खवला, नवव्या माशाचे कल्ले ह्यांचे तसे नाही. ते सर्वांस दिसतात. फक्त ते बरोबर आहेत की नाहीत हे कोणास सांगता येत नाही. जेथे दिसते पण ताडता येत नाही, तेथेच माणसाचा कस लागतो.

कचेरीतल्या वाचकांस ह्याचे प्रत्यंतर देण्यास दूर जावे लागणार नाही. दरमहा कितीतरी विवरणपत्रे वर जातात. त्यांतले जे रकाने ताळेबंदाशी जुळावे लागतात ते जुळतात. पण एखादा रकाना असा असतो की त्यातली माहिती मागणाराही तपासू शकत नाही आणि देणाराही ती सहजी गोळा करू शकत नाही. तेथे ‘निरंक’ लिहिणे सर्वांस सोयीचे. निरंक हा शब्द मोठा सोज्वळ आहे. काही नाही आणि पाहिलेच नाही, हे दोन्ही अर्थ तो एकाच गांभीर्याने वाहून नेतो. भूत काढणे सोपे म्हणणारा चित्रकार सरकारी नोकरीत असता तर ह्या शब्दाच्या बळावर पुष्कळ वर चढला असता.

मत्स्यावताराची कथाही ह्याच वाटेची आहे असे आता वाटते. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुतो आणि ओंजळीत एक चिमुकला मासा येतो. तो म्हणतो, मला वाढव, पुढे महापूर येणार आहे, तेव्हा मी तुला तारीन. मनूने त्यास आधी घड्यात, मग खळग्यात आणि शेवटी समुद्रात सोडले. पूर कोणी पाहिलेला नव्हता, बोलणारा मासाही नव्हता, आणि दिलेला शब्द खरा की खोटा हे ताडून पाहण्यास मनूपाशी काहीच नव्हते. त्याने फक्त घडा लहान पडू लागला की मासा हलविला. ओंजळीत मावणारा जलचर आहे तेवढाच आहे, असे समजून त्याने तो सोडून दिला असता, तर त्यास चूक कोणी म्हणाले असते?

आमच्या दोन इंचांच्या जलचराचे पोट आता फिकट पिवळसर झाले आहे, खवल्यांच्या खाचांत पातळ केलेला तपकिरी रंग जाऊन बसला आहे, आणि सोंडा जेथे अंगास मिळतात तेथल्या बोटभर जागेवर सबंध आठवडा गेला आहे. राहिला आहे तो डोळा. घडविणाऱ्याने डोळ्यावर पापणी कोरली आहे. बहुतेक माशांस तर पापणी नसते; आणि संस्कृतात ‘अनिमिष’ ह्या एकाच शब्दाने मासाही सांगितला जातो आणि देवही, कारण दोघांचीही पापणी लवत नाही. जबडा मगरीचा धरला तर पापणी योग्य, कारण मगरीस ती असते. गळ्यापासून तो मासाच धरला तर ती रंगाखाली बुजवावी लागेल. मुलांच्या मते ह्याने काही फरक पडत नाही. खेळ रविवारी दुपारी चार वाजता आहे. त्यापूर्वी ठरवावयाचे आहे.